खजुरी बाजार, राणीपुरा, सियागंज: वर्गासाठीचं सामान इंदुरात कुठे परवडतं

इंदुरात शिकवणाऱ्यांनी वर्गाच्या खरेदीचा पहिला थांबा खजुरी बाजार ठेवावा, पण शेवटचा नाही. राजवाड्याजवळच्या या गल्ल्यांत कागद, वह्या, पेन्सिली, तक्ते, खडू आणि जुनी पुस्तकं एका जागी मिळतात. थोकाची (घाऊक) आणि खेरचीची (किरकोळ) दुकानं शेजारीशेजारी आहेत, त्यामुळे भाव पडताळायला लांब जावं लागत नाही. पाचपैकी चार गुण. पाचवा गुण कापला तो दोन कारणांनी: नव्याच्या रांगेत जुना माल बसलेला असतो, आणि सवलतीच्या मोठ्या आकड्यामागे खरा भाव दिसेनासा होतो. दोन्ही ओळखता येतात. त्यासाठी मोजपट्टी, छोटा वजनकाटा आणि पाच मिनिटांचा धीर लागतो.

कागदापासून सुरुवात करू, कारण वर्षभर सतत लागतो तो कागदच. ए-फोरच्या रिमवर ७० किंवा ७५ जीएसएम छापलेलं असतं. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, म्हणून लेबल खरं की नाही हे काट्यावर कळतं. ए-फोर कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा. असे ५०० कागद म्हणजे सुमारे ३१.२ चौरस मीटर. त्या हिशेबाने ७५ जीएसएमची रिम २ किलो ३४० ग्रॅमच्या आसपास भरायला हवी, ७० ची २ किलो १८० ग्रॅम, आणि ८० ची जवळपास अडीच किलो. वेष्टनाचे थोडे ग्रॅम वर धरा. प्रवासी बॅगा तोलायचा हातातला काटा पिशवीत सहज मावतो. ७५ लिहिलेली रिम २ किलो २०० ग्रॅमलाच थांबली, तर एक तर कागद पातळ आहे किंवा मोजून कमी भरला आहे. दोन्ही बाबतीत भाव ७० चाच द्यायचा.

एका बाजूला झेरॉक्स काढायची असेल तर ७० जीएसएम पुरतो. दोन्ही बाजूंना छापायचं असेल तर ७५ घ्या, नाहीतर पाठचं समोर दिसतं आणि लहान मुलं दोन्हीकडच्या ओळी मिसळून वाचतात. पेटीत कंपनीप्रमाणे ५ किंवा १० रिमा येतात. तिघाचौघांनी मिळून पेटी घेतली की थोकाचा भाव मागता येतो. उघडलेली रिम पावसाळ्यात फरशीवर ठेवू नका. कागद दमट झाला की वाकतो, यंत्रात दोन-दोन पानं एकदम ओढली जातात, आणि फुकट गेलेल्या पानांत वाचवलेले पैसे परत जातात. रिमचं वेष्टन खालून न फाडता वरून कापायचं आणि उरलेली रिम प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कपाटाच्या वरच्या खणात ठेवायची.

बिल तपासताना कराचे दर लक्षात असू द्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली, शार्पनर, खोडरबर, तेलखडू, खडू, नकाशे आणि पृथ्वीगोल यांच्यावरचा जीएसटी शून्य झाला. कंपासपेटी आणि रंगपेटीवर ५ टक्के लागतो. पेनं, मार्कर आणि शाई यांच्यावर १८ टक्के आहे, आणि झेरॉक्सचा कागदही १८ टक्क्यांत गेला. त्यामुळे वह्या-पेन्सिलींच्या बिलावर वेगळा कर लावलेला दिसला तर तिथेच विचारा. जुन्या छापील किमतीचा माल अजूनही दुकानांत सापडतो.

आता सवलतीचा प्रश्न. वह्यांवर ३०, ४०, कधी ५० टक्के सूट ओरडून सांगितली जाते. हा आकडा वहीबद्दल काहीच सांगत नाही, कारण छापील किंमत किती ठेवायची हे वही काढणाराच ठरवतो. वहीचा भाव पानावर काढायचा. समजा एक वही छापील ६० ची, ४० टक्के सूट, हातात ३६ ला. दुसरी छापील ४५ ची, २० टक्के सूट, तीही ३६ ला. पहिलीत १२० पानं आणि दुसरीत १७२ असतील, तर पहिलीचं पान ३० पैशांना पडतं आणि दुसरीचं २१ पैशांना. मोठी सूट दिसली तीच वही महाग निघाली. पानं मोजताना एक गोष्ट सांभाळा: १७२ पानी वहीत कागद ८६ असतात, आणि पहिलं-शेवटचं छापील माहितीचं पान कधी कधी त्यातच धरलेलं असतं.

वहीची बांधणीही बघून घ्या. मधोमध पिना मारलेली वही वर्षाच्या शेवटी पुन्हा उपयोगी पडते, पाठीला गोंद लावून चिकटवलेली पडत नाही. पिनांच्या वहीतले कोरे कागद जोडीजोडीने, घडीसकट निघतात. चिकटवलेल्या वहीतून सुटं पानच निघतं आणि त्याची कड फाटते. ४० मुलं, प्रत्येकाच्या ५ वह्या, प्रत्येक वहीत मार्चअखेर १० कोरे कागद उरले असं धरलं तरी २,००० कागद होतात, म्हणजे १७२ पानी २३ वह्यांचा माल. हा कागद रद्दीत घालवायचा नाही.

बांधायला सोपं आहे. १२ जोडकागद घडीवर एकात एक बसवले की ४८ पानांची वही होते. जुन्या पुठ्ठ्याचं कव्हर लावा. घडीवर दाभणाने तीन भोकं पाडा, एक मधोमध आणि दोन टोकांपासून ३-४ सेंटिमीटर आत. जाड दोरा आतून मधल्या भोकातून बाहेर काढा, वरच्या भोकातून आत घ्या, आतूनच खाली नेऊन खालच्या भोकातून बाहेर काढा आणि मधल्या भोकातून परत आत आणा. दोऱ्याची दोन टोकं आतल्या लांब दोऱ्याच्या दोन बाजूंना ठेवून गाठ मारा. गाठ एकाच बाजूला बसली तर आठवड्याभरात शिवण ढिली होते. एका घडीत १२ पेक्षा जास्त जोडकागद घातले तर आतले कागद बाहेर सरकतात आणि वही नीट मिटत नाही.

पेन्सिलींच्या बाबतीत खजुरीतलं सगळ्यात स्वस्त पाकीट उचलू नका. शिसं लाकडाच्या मधोमध आहे का ते टोकाकडून बघा. ते एका बाजूला सरकलेलं असेल तर टोक काढताना एकीकडे लाकूड राहतं, दुसरीकडे शिसं उघडं पडतं आणि मोडतं. मूल पुन्हा टोक काढतं, आणि दोन दिवसांत अर्धी पेन्सिल शार्पनरमध्ये जाते. पेन्सिल काचेच्या काउंटरवर लोळवून बघा, वाकडी असेल तर ती ठेचकाळत जाते. नटराज आणि अप्सरा दोन्ही हिंदुस्तान पेन्सिल्सच्याच आहेत. त्यातली साधी एचबी वर्गाला पुरते. चमकीच्या, गडद शिशाच्या, सुगंधी प्रकारांना जास्त पैसे देण्याचं कारण नाही. पाकिटासोबत फुकट मिळणाऱ्या चिमुकल्या शार्पनरवर भुलू नका. त्याचं पातं लवकर बोथट होतं आणि बोथट पातं लाकूड कापत नाही, ओरबाडतं. त्यापेक्षा वर्गात टेबलाला पकडणारा, हाताने फिरवायचा एक चांगला शार्पनर बसवा. आपल्याकडच्या शाळांत कोटा फरशी फार. तिच्यावर पडलेल्या पेन्सिलीचं शिसं आतल्या आत तुटतं आणि नंतर प्रत्येक वेळी टोक गळून पडतं. प्रत्येक गटाच्या टेबलावर कड असलेला एक डबा ठेवला की पेन्सिली घरंगळत नाहीत.

तयार छापील तक्ते आणि नकाशे ही या बाजारातली सगळ्यात सांभाळून घ्यायची वस्तू. माल वर्षानुवर्षं गुंडाळून पडलेला असतो आणि स्वस्तात निघतो तो बहुधा म्हणूनच. भारताचा राजकीय नकाशा उलगडून चार गोष्टी बघा. तेलंगणा वेगळं आहे का (२ जून २०१४)? जम्मू-काश्मीर आणि लडाख दोन केंद्रशासित प्रदेश दाखवले आहेत का (३१ ऑक्टोबर २०१९)? दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव एकत्र आहेत का (२६ जानेवारी २०२०)? आणि कोपऱ्यातल्या यादीत २८ राज्यं, ८ केंद्रशासित प्रदेश लिहिले आहेत का? मध्य प्रदेशाच्या नकाशात ५५ जिल्हे हवेत. २०२३ मध्ये मऊगंज, मैहर आणि पांढुर्णा जोडले गेले, त्यामुळे ५२ जिल्ह्यांचा नकाशा जुना समजायचा. सूर्यमालेच्या तक्त्यात प्लूटो नववा ग्रह म्हणून छापलेला असेल तर तो २००६ च्या आधीच्या समजुतीवरचा आहे. असा तक्ता फुकट मिळाला तरी भिंतीवर लावू नये, कारण मुलं रोज जे बघतात तेच लिहितात. पृथ्वीगोलावर लहान अक्षरं वाचता येतात का आणि दोन अर्धगोलांच्या जोडावर नकाशाच्या रेषा सलग जुळल्या आहेत का, हेही बघा.

मराठी शिकवणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. इंदुरात मिळणारे मुळाक्षरांचे तक्ते हिंदीचे असतात. त्यांत ळ नसतो, ल आणि श यांचं वळण हिंदीचं असतं, आणि चित्रं गमला, ठठेरा यांची. चित्राचं पहिलं अक्षर मराठी नावाशी जुळलं नाही की तक्ता मुलाला उलटच शिकवतो. असा तक्ता घेऊन त्यावर चिठ्ठ्या चिकटवत बसण्यापेक्षा कोऱ्या तक्त्यावर हाताने लिहिलेला बरा. मजकुरासाठी बालभारतीची पाठ्यपुस्तकं त्यांच्या ई-ग्रंथालयात पीडीएफ स्वरूपात मोफत आहेत. पुण्याहून पुस्तकांचं पार्सल मागवण्याआधी लागतील तेवढीच पानं छापून बघा. पायाभूत वर्गांसाठी एनसीईआरटीने फेब्रुवारी २०२३ मध्ये आणलेल्या ‘जादुई पिटारा’त कोणकोणत्या वस्तू आहेत ते बघितलं, तर त्यातली बाहुल्या, कोडी, पत्ते, ठोकळे असली बरीचशी घरच्या घरी करता येतात.

कोरा तक्ता साधारण २२ बाय २८ इंचांचा असतो, पण मापात फरक पडतो म्हणून मोजून घ्या. कापण्याआधी हिशेब करा: साडेपाच बाय सात इंचांची १६ कार्डं बसतात, चार बाय साडेपाचची २८. दोन्ही मापांत तुकडा वाया जात नाही. पाच बाय सात असं ‘गोल’ माप घेतलं तर बावीस इंचांतली दोन इंचांची पट्टी उरते. कार्डं रोज हाताळायची असतील तर तक्त्याच्या कागदाऐवजी डुप्लेक्स बोर्ड घ्या. त्याची एक बाजू पांढरी आणि दुसरी राखाडी असते. पत्त्यांसारख्या खेळांत पाठ सगळ्यांची सारखी दिसायला हवी, तिथे राखाडी बाजू सोयीची पडते. मिठाई, साबण, बूट यांची खोकी याच जातीच्या पुठ्ठ्याची असतात, आणि त्यांची आतली बाजू कोरी असते.

लॅमिनेशन बाजारात पानावर करून घेतलं तर कार्डापेक्षा वेष्टन महाग पडतं. १२५ मायक्रॉनच्या ए-फोर पाउचांचं १०० चं पाकीट आणायचं आणि शाळेतलं किंवा ओळखीच्या कुणाचं यंत्र वापरायचं. ए-फोर पाउचात ९ बाय ६ सेंटिमीटरची ९ कार्डं बसतात. कार्डं आधी सुटी कापा, पाउचात अर्धा-अर्धा सेंटिमीटर जागा सोडून मांडा, यंत्रातून काढा, मग मधून कापा. आधी अख्खं पान लॅमिनेट करून नंतर कार्डाच्या कडेवरून कापलं, तर कागदाची कड उघडी राहते. मुलांच्या ओल्या हातांनी आणि पावसाळ्यातल्या दमटपणाने ती फुगते आणि दोन्ही थर सुटतात. यंत्र नसेल तर दोन इंची पारदर्शक चिकटपट्टी दोन्ही बाजूंनी लावा, कडेबाहेर दोन-तीन मिलिमीटर ठेवा. दिसायला थोडी कमी, टिकायला चांगली.

फळ्याचा खर्च रोजचा असतो म्हणून इथे थोडं थांबू. साधा खडू जिप्समचा, धूळ कमी उडवणारा कॅल्शियम कार्बोनेटचा. दुसरा घट्ट आणि जड असतो, त्याचे कण हवेत तरंगण्याऐवजी खाली पडतात. घसा बसणाऱ्यांनी तोच घ्यावा. किंमत जास्त वाटते, पण तो मोडतो कमी आणि झिजतो सावकाश. पावसाळ्यात खडू घसरतो, उमटत नाही, तेव्हा तो खराब झालेला नसतो, ओला झालेला असतो. खोकं दोन तास उन्हात ठेवा. लिहिताना किंचाळणारा खडू अर्धा मोडला की आवाज जातो, कारण लांब काडी थरथरते. नवा रंगवलेला फळा पहिल्यांदा वापरण्याआधी खडू आडवा धरून पूर्ण फळ्यावर घासायचा आणि कोरड्या फडक्याने पुसायचा. तसं न करता थेट लिहिलं तर पहिली अक्षरं कायमची भुतासारखी राहतात.

खडूचे तुकडे भिजवून, साच्यात ओतून नवे खडू करायची कल्पना अधूनमधून कुणीतरी सुचवतं. ती सोडून द्या. एकदा घट्ट झालेलं जिप्सम पाण्याने परत घट्ट होत नाही. त्याला आधी दीडशे अंशांच्या आसपास भाजून त्यातलं पाणी काढावं लागतं. न भाजता केलेले खडू बोटांत चुरा होतात, आणि त्यात नवं प्लास्टर ऑफ पॅरिस घालायचं तर त्याच पैशांत तयार खडू येतो. तुकड्यांसाठी खडू धरायची नळी घ्या, शेवटचा दीड इंच वापरात येतो.

पांढऱ्या बोर्डाला मार्कर लागतात, आणि खजुरीत पैसे सर्वांत जास्त वाचतात ते इथे, जर शाईची बाटली घेतली तर. पुन्हा भरता येणारे मार्कर आणि त्याच कंपनीची व्हाइटबोर्डची शाई, एवढंच मागा. टोपणाजवळचा भाग किंवा टोक ओढून काढा, आतल्या फेल्टवर थेंब-थेंब शाई सोडा, १०-१५ थेंबांनंतर थांबा, टोक बसवा आणि मार्कर टोक खाली करून पाच मिनिटं ठेवा. एकदम ओतली तर टोपणात गळते आणि हात रंगतो. परमनंट मार्करची शाई चुकूनही भरू नका. दोन्ही शाया स्पिरिटच्या जातीच्या असल्या तरी परमनंट शाईतली राळ बोर्डाला पकडून बसते. कुणी परमनंटने लिहिलंच, तर त्याच अक्षरांवर व्हाइटबोर्ड मार्कर फिरवा आणि ओलं असतानाच पुसा, नव्या शाईतला द्रव जुनीला सोडवतो. वापरात नसलेले मार्कर आडवे ठेवायचे. टोक वर करून ग्लासात उभे ठेवले की शाई खाली उतरते, टोक कोरडं पडतं आणि भरलेला मार्कर कचऱ्यात जातो. लिहिलेलं शुक्रवारी पुसून घरी जा. दोन-तीन दिवस राहिलेली शाई डाग सोडते, आणि डाग काढायला खरखरीत घासणी वापरली की वरचा थर जातो आणि मग प्रत्येक अक्षराचा डाग राहू लागतो.

डस्टर विकत घेऊ नका. कापड बाजारातल्या कतरणी (उरलेले तुकडे) किंवा जुन्या जीन्सचे सहा-सात थर एकावर एक शिवले की खडूच्या फळ्याला उत्तम. मुलांच्या हातातल्या पाट्यांसाठी फरशीच्या दुकानात उरलेली सुटी पांढरी चकचकीत टाइल मागा. तिच्यावर व्हाइटबोर्ड मार्कर लिहितो आणि पुसला जातो. कडा धारदार असतात, चारी बाजूंना कापडी चिकटपट्टी लावल्याशिवाय मुलांच्या हातात देऊ नका.

राणीपुऱ्याबद्दल थोडक्यात: प्लास्टिकच्या टोपल्या आणि झाकणाचे डबे तिथेच घ्यावेत, खजुरीतले ‘ऑफिस ट्रे’ त्याच मालाचे जास्त पैसे घेतात. टोपलीचं माप घेताना ए-फोर कागद सोबत न्या. तो सपाट बसला नाही तर टोपली कामाची नाही. तिथली खेळणी आणि रंग मात्र नको. कंपनीचं नाव आणि लहान मुलांना चालतात की नाही हे डब्यावर नसलेले रंग वर्गात आणू नयेत.

सियागंज मुख्यतः किराण्याचा थोक बाजार, स्टेशनजवळचा. तिथून मैदा, तुरटी, गेरू, सुतळी, रबरबँड आणि चिकटपट्टी आणा, रबरबँड वजनावर घ्या. मैदा अशासाठी की कागदाला कागद चिकटवायला महागडी गोंदाची कांडी लागतच नाही, खळ पुरते. एक वाटी मैदा एक वाटी गार पाण्यात गुठळी न होता कालवा, तीन वाट्या उकळत्या पाण्यात धार धरून ओता आणि पारदर्शक होईपर्यंत ढवळा. उतरवून अर्धा चमचा तुरटीची पूड घाला. मैदा थेट गरम पाण्यात टाकला तर गुठळ्या होतात आणि कागदाखाली खडे राहतात. ही खळ दोन-तीन दिवस टिकते, फ्रीजमध्ये आठवडाभर. जुने बाइंडर किडीसाठी मोरचूद घालत. ते विषारी आहे, मुलांच्या खळीत नको. खळीने चिकटवलेलं जाड काम पावसाळ्यात कपाटात बंद ठेवलं तर बुरशी धरते आणि कसर लागते, म्हणून वर्षानुवर्षं ठेवायच्या वस्तूंना फेव्हिकॉल वापरा, तोही मोठ्या डब्यातून छोट्या बाटल्यांत भरून. कागदाच्या लगद्याच्या कामाला फेव्हिकॉल आणि पाणी सारख्या प्रमाणात चालतं.

गेरू भिंतीवरच्या संख्यारेषेसाठी, अक्षरांसाठी, मैदानावरच्या आखणीसाठी. माळव्यातल्या मांडण्याचा, म्हणजे जमीन-भिंतींवरच्या पारंपरिक नक्षीचा, हाच रंग, सोबत खडूची पांढरी पूड. एक वाटी गेरू, अर्धी वाटी पाणी, दोन चमचे फेव्हिकॉल. फेव्हिकॉल विसरला तर पाठ टेकवणाऱ्या प्रत्येक मुलाचा शर्ट लाल होतो.

झेरॉक्ससाठी भंवरकुआचा परिसर धरावा. कोचिंग आणि विद्यापीठामुळे तिथे दुकानांची चढाओढ आहे आणि जास्त प्रतींना भाव उतरतो. पण भाव विचारण्याआधी पान आखून न्या. सराव-पत्रिका चौथाई पानावर बसवली की ४० मुलांना १० कागद लागतात, अर्ध्या पानावर बसवली तर २०. काळी भरलेली चित्रं टाळा. यंत्राच्या शाईचा हिशेब पानाच्या ५ टक्के भागावर छपाई धरून केलेला असतो, भरीव चित्र त्याच्या कैक पट शाई पितं. घरच्या प्रिंटरवर हा खर्च तुमचा, दुकानात छापलेलं फिकट येतं. रेषांची चित्रं मुलांना रंगवायलाही बरी. शंभरच्या पुढे एकाच पानाच्या प्रती हव्या असतील तर रिझोची, म्हणजे पानाचा एकदा साचा (मास्टर) बनवून त्यावरून प्रती काढणाऱ्या यंत्राची, चौकशी करा. त्यात खर्च मास्टर बनवण्याचा असतो, पुढची प्रत अगदी कमी भावात निघते. दहा-वीस प्रतींना मात्र रिझो महाग. दर आठवड्याला तीच पत्रिका द्यायची असेल तर छापूच नका. पारदर्शक कव्हरात एक प्रत घाला, मुलं व्हाइटबोर्ड मार्करने वरून लिहितील आणि पुसतील.

गणित आणि विज्ञानाच्या साहित्यासाठी दुकानातल्या ‘किट’कडे जाण्याआधी सायकल दुरुस्तीच्या जुन्या दुकानात जा आणि वॉल्व ट्यूब, म्हणजे सायकलच्या वॉल्ववर चढवायची बारीक रबरी नळी, मागा. १९७२ मध्ये सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमातून हे साहित्य मध्य प्रदेशाच्या शाळांत आलं. खेळण्यांतून विज्ञान शिकवणारे अरविंद गुप्ता यांनी ते देशभर पोहोचवलं आणि त्यांच्या संकेतस्थळावर कृती मोफत आहेत, मराठीतही. दीड सेंटिमीटरचे तुकडे कापा, म्हणजे एका मीटरमध्ये ६५ च्या आसपास निघतात. तुकड्याच्या दोन टोकांत गूल खरवडलेल्या आगपेटीच्या काड्या घाला, दोन काड्यांचा सांधा झाला. तुकड्याच्या मधोमध जाड सुईने भोक पाडून तिसरी काडी घातली की तीन काड्यांचा. घनाला १२ काड्या आणि तिहेरी सांधे ८. त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चौकोन लगेच तिरपा होतो, हे मुलांना हातातच कळतं. काडीला गूल राहिलं तर ट्यूबमध्ये घालताना सुटतं, आणि मुलांच्या हातात ते नकोच, म्हणून गूल काढायचं काम मोठ्यांनी करायचं.

अटाल्याच्या (भंगाराच्या) दुकानांत झाकणं, बाटल्या, कॅलेंडरं, फाइलींचे पुठ्ठे मिळतात, पण तिथे वजनावर पैसे देण्याआधी वर्गात चिठ्ठी पाठवा. धुतलेली एकाच मापाची झाकणं प्रत्येक मुलाने १० आणली की दशकाच्या गठ्ठ्यांचं साहित्य ४० मुलांकडून ४०० नगांचं होतं. पालकांना पाठवायच्या यादीत दुकानाचं नाव लिहू नका. मध्य प्रदेशात खासगी शाळांसाठी २०१७ चा अधिनियम आणि त्याखालचे २०२० चे नियम ठरावीक दुकानाची सक्ती करू देत नाहीत, आणि वस्तू, माप, पानसंख्या लिहिली की पालकांना स्वस्त दुकान शोधता येतं.

सरकारी शाळेत असाल तर हे सगळं स्वतःच्या पगारातून करू नका. समग्र शिक्षा अभियानात शाळेला पटानुसार एकत्रित अनुदान ठरलेलं आहे: ३० मुलांपर्यंत १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार, १,००० पर्यंत ७५ हजार, त्यावर १ लाख रुपये वर्षाला. त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्चायचे असतात. उरलेल्यातून वर्गसाहित्याचं बिल लावण्यासाठी मुख्याध्यापकांकडे सत्राच्या सुरुवातीलाच यादी द्या. त्यासाठी बिल पक्कं हवं, शाळेच्या नावाने, जीएसटी क्रमांकासह. खजुरीतले काही दुकानदार कच्च्या चिठ्ठीवर आणखी कमी भाव सांगतात. ती चिठ्ठी लेखापरीक्षणात चालत नाही आणि माल बदलूनही मिळत नाही. बिलावर ‘स्टेशनरी सामान’ एवढंच न लिहिता वस्तू, नग आणि दर वेगवेगळे लिहून घ्या.

जूनचा दुसरा पंधरवडा टाळा. शाळा उघडतात तेव्हा राजवाड्याच्या बाजूला चालायला जागा नसते, दुकानदाराला रिम तोलून द्यायला वेळ नसतो आणि भावही सैल होत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत, आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी गेलात तर तोच माणूस तीन प्रकारचे कागद उघडून दाखवतो.